हलकी पानं, लहान गाठ आणि उचलीचे पैसे

जव्हार-मोखाड्यात स्थलांतराला कुणी स्थलांतर म्हणत नाही. इथला शब्द आहे 'जगायला जाणं'. भात झोडून झालं, दिवाळी सरली की पाड्यापाड्यांवर मुकादमाचा माणूस फिरू लागतो, उचल वाटली जाते आणि काही दिवसांत टेम्पो भरून माणसं वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. परत येतात ती पाऊस तोंडावर आला की. ज्या वावर गावाच्या आजूबाजूला आम्ही काम करतो, ते बाहेरच्यांना १९९२-९३ सालच्या बालमृत्यूंमुळे माहीत आहे. 'वावर-वांगणी' ही जोडी तेव्हा वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती. वावर म्हणजे शेत, आणि त्याच नावाच्या गावातली माणसं भुकेने चर्चेत यावीत, हे तेव्हा अनेकांना बोचलं होतं.

हा लेख भुकेवर नाही, पत्त्यांवर आहे. पण इथे दोन्हींमध्ये फार अंतर नाही.

उचल हातात पडल्यापासून टेम्पो येईपर्यंतचे जे आठ-दहा दिवस असतात, ते या भागातले सगळ्यात जास्त रोख पैशांचे दिवस. त्याच दिवसांत तीन पत्तीचे डाव बसतात. पूर्वी झाडाखाली, पडवीत बसायचे. आता टेकडीवर जिथे रेंज येते तिथे मोबाईलवरही बसतात. गेल्या हंगामात आमच्या ओळखीतला एक बारावी झालेला मुलगा तीन रात्रींत उचलीचा मोठा हिस्सा घालवून बसला. त्याच्या आईने आम्हाला बोलावलं ते त्याला समजवायला. आम्ही गेलो, बसलो, आणि नेहमीसारखं 'जुगार वाईट' सुरू करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पानं हलकी होती हे मला पण कळत होतं. पण टाकून टाकून बूट जातच होता ना. मग म्हटलं, खेळून तरी जाऊ दे."

या वाक्याने आम्हाला गप्प केलं. कारण हे मूर्ख माणसाचं वाक्य नाही. पोकरवर जगात जी जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत, त्यांतला मध्यवर्ती प्रश्न हाच आहे: हातात हलकी पानं आली तर खेळायचं की टाकायचं? आम्ही वही काढली आणि त्याच्याबरोबर आकडेमोड केली. तीच इथे मांडतो.

५२ पानांतून तीन पानं उचलण्याचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यांत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ वेळा. एकाच रंगाची ओळीतली तीन पानं ४८ वेळा. साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरले किती? १६,४४०. म्हणजे शंभरातून साधारण ७४ वेळा हातात काहीच नसतं, फक्त एक मोठं पान आणि दोन फुटकळ. चारातले तीन हात हलके असतात. आपल्या वाट्याला सतत हलकी पानं येतात म्हणून जो नशिबाला शिव्या घालतो, त्याच्या नशिबाचा काही दोष नाही. सगळ्यांच्याच वाट्याला तशीच येतात. फक्त दुसऱ्याची टाकून दिलेली पानं आपल्याला दिसत नाहीत, आणि त्याने जिंकलेला डाव मात्र दिसतो.

आता एक नमुन्याचा हात घेऊ: राणी, नऊ आणि चार, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. समोर एकच गडी असेल आणि त्याच्याकडे कुठलीही तीन पानं असू शकतील, तर तुम्ही शंभरात सुमारे ३७ वेळा जिंकाल. ऐकायला फार वाईट वाटत नाही. पण डावात सहाजण असतील तर तुम्हाला पाचही जणांना हरवायचं असतं. ३७ टक्के पाच वेळा एकमेकांत गुणा, उत्तर एक टक्क्याच्याही खाली येतं. (एकाची पानं दुसऱ्याकडे नसतात, त्यामुळे हा हिशेब थोडा ढोबळ आहे, पण चित्र बदलत नाही.) त्या मुलाने हा गुणाकार आपल्याच मोबाईलवर दोनदा करून पाहिला.

"जोडी असली तर?" त्याने विचारलं. चांगला प्रश्न. सगळ्यात लहान जोडी, म्हणजे दोन दुर्र्या, एका गड्याविरुद्ध शंभरात ७४ वेळा पुढे असते. पाच गड्यांविरुद्ध मात्र २३ वेळाच. सहाजणांच्या डावात प्रत्येकाचा न्याय्य वाटा सहातला एक, म्हणजे सुमारे १७ टक्के. तेव्हा दुर्रीची जोडी ही सरासरीपेक्षा थोडी बरी, एवढंच. तरीही जोडी दिसताच आपण ताठ बसतो. उलट बाजूने पाहिलं तर समोरच्या पाचांपैकी निदान एकाकडे जोडी किंवा त्याहून मोठं काही असण्याची शक्यता ७७ टक्के आहे. चार डावांतल्या तीन डावांत कुणातरी एकाकडे काहीतरी असतंच.

यात आणखी एक गोम आहे. वरचे आकडे समोरच्याच्या हातात 'कुठलीही' पानं धरून काढलेले आहेत. पण तीन चाली झाल्यावरही जो बसून आहे आणि वर चाल वाढवतो आहे, त्याच्या हातात कुठलीही पानं नसतात. हलकी पानं असणारे बहुतेक उठून गेलेले असतात. म्हणजे डाव जितका पुढे सरकतो तितका तुमचा ३७ चा आकडा खाली घसरत जातो, आणि नेमकी त्याच वेळी पुढच्या चालीची किंमत वाढत जाते.

पोकरमध्येही तेच आहे. टेक्सास होल्डेम नावाच्या प्रकारात सुरुवातीला दोनच पानं मिळतात. रंग बाजूला ठेवून मोजलं तर अशा सुरुवातीच्या हातांचे १६९ प्रकार होतात, आणि वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री त्यांतली सगळ्यात वाईट समजली जाते. गंमत अशी की हा वाईट हात दोन एक्क्यांविरुद्धसुद्धा शंभरात साधारण १२ वेळा जिंकतो. या बारा वेळांनीच जास्त घात केला आहे. हलक्या पानांवर जिंकलेला डाव माणूस वर्षभर सांगत फिरतो, हरलेले अठ्ठ्याऐंशी दुसऱ्या दिवशी विसरतो.

मग उत्तर सोपं आहे का, हलकी पानं टाकून द्या? पुस्तकं तेच सांगतात. पण आमच्या त्या मुलाचा मुद्दा इथेच सुरू होतो. टाकणंही फुकट नसतं. दहा रुपये बूट असेल आणि रात्रीत तीस डाव झाले, तर एकही चाल न खेळता तीनशे रुपये गेले. ज्याच्या खिशात पाच हजार आहेत तो तीनशे सोडून चांगल्या पानांची वाट बघू शकतो. ज्याच्या खिशात पाचशेच आहेत, त्याच्याकडे वाट बघण्याइतके पैसेच नसतात. त्याला हलक्या पानांवरच उडी घ्यावी लागते. पोकरच्या स्पर्धांत ज्याच्याकडे थोडीच नाणी उरली आहेत, त्याने साध्याच पानांवर सगळं लावून टाकावं असं पट्टीचे खेळाडूही सांगतात, कारण नाहीतर तो बसल्या जागी झिजून संपतो. म्हणजे हलकी पानं खेळणं हा नेहमी मूर्खपणाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो गरिबीचा परिणाम असतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला गरिबांच्या 'अविचारी' निर्णयांवर बरंच शिकवलं गेलं. ते अविचार कसे गणिताला धरून असतात हे मात्र इथे येऊन कळलं.

आणि खरी अडचण पानांत नाहीच, ती गाठीत आहे. समजा खेळ अगदी चोख आहे, नाणेफेकीसारखा, दोघांनाही समान संधी. तुमच्याकडे ५०० रुपये, समोरच्याकडे ५,०००. कुणीतरी पूर्ण कफल्लक होईपर्यंत दोघं खेळत राहिलात, तर तुम्ही त्याला कफल्लक करण्याची शक्यता किती? अकरात एक. तो तुम्हाला करण्याची अकरात दहा. फसवणूक नाही, खेळातलं कमीजास्त कौशल्यही नाही. फक्त गाठ लहान आहे म्हणून. गणितात हा फार जुना सिद्धांत आहे, आणि आमच्या मते शाळेत व्याजाच्या गणितांशेजारी तो शिकवायला हवा.

आपल्याकडच्या तीन पत्तीत तर गाठीचं महत्त्व आणखी वाढतं. पोकरमध्ये पैसे संपले तर 'माझे एवढेच' म्हणून माणूस तेवढ्या हिश्शापुरता शेवटपर्यंत डावात राहतो. तीन पत्तीच्या गावठी डावात ही सोय बहुधा नसते. चाल द्या नाहीतर पॅक करा. शो मागायलाही दोघंच उरावे लागतात आणि पैसे मोजावे लागतात. त्यामुळे मोठी गाठ असलेला माणूस चाल चढवत नेतो आणि लहान गाठवाल्याला चांगली पानं हातात असूनही उठवतो. 'ब्लाइंड' खेळणारा निम्मी चाल देतो, म्हणून ते शहाणपणाचं वाटतं, आणि थोडंफार आहेही. पण पानं न बघता दहा चाली खेळण्याची ऐपतही पुन्हा मोठ्या गाठीचीच असते.

याच्या वर नाल. जिथे डाव बसतो त्या जागेचा मालक प्रत्येक डावातून काही रक्कम बाजूला काढतो. मोबाईलवर हीच नाल कंपनी कापते, तिथे तिला वेगळं नाव असतं. ती दिसायला किरकोळ असते म्हणून तिचा हिशेब कुणी करत नाही. आपण करू. सहाजण प्रत्येकी ५०० घेऊन बसले, एकूण ३,०००. प्रत्येक डावात सरासरी २०० रुपये गोळा झाले आणि पाच टक्के नाल गेली, तर डावामागे १० रुपये. मोबाईलवर मिनिटाला एक डाव सहज होतो, म्हणजे तासाला ६०० रुपये. पाच तासांत सगळे ३,००० संपले. सहाही जण हरले आणि जिंकलं कुणीच नाही. हे ऐकल्यावर तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही एकमेकांचे पैसे खातोय असं वाटत होतं, ते पण नाही."

मटक्याचा हिशेब याहून उघडा होता. मुंबईच्या वस्त्यांतून एक आकडा लागायची शक्यता दहात एक, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने चाललेला हा धंदा त्या एका रुपयाच्या फरकावर उभा राहिला. गिरणी कामगारांच्या चाळींत, आपल्याही वस्त्यांत त्याने काय केलं ते जुन्या माणसांना विचारा. हा फक्त आदिवासी पाड्यांचा प्रश्न आहे असं कुणी समजू नये. जव्हार-मोखाड्यात बौद्ध घरं थोडी आहेत, बहुसंख्य वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची. पण उचल घेणारा आणि पगार घेणारा यांच्या मोबाईलमधली ॲप एकच असतात.

काही बांधव युक्तिवाद करतात की बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू आहे, जुगार वेगळा सांगितलेला नाही. खरं आहे. पण गृहस्थांसाठीचा उपदेश जिथे सविस्तर येतो त्या दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात धन नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत आणि त्यांत जुगार आहे. त्याचे सहा तोटे तिथे मोजून दिले आहेत. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, डोळ्यांदेखत धन जातं, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र आणि सोबती त्याला कमी लेखतात, आणि लग्नासाठी त्याला कुणी मुलगी देत नाही, कारण बायकोला पोसण्याची त्याची खात्री नसते.

यात पैशाची थेट गोष्ट दोनच तोट्यांत आहे, हे आम्हाला लक्षणीय वाटतं. बाकीचे चार माणसामाणसांतल्या विश्वासाचे आहेत. पाड्यावर कुणाची बँकेत पत नसते. शेजाऱ्याने पायली तांदूळ उसना द्यावा, किराणावाल्याने वही उघडावी, मुकादमाने आजारपणात दोनशे रुपये जास्त द्यावेत, ही इथली पत. ती शब्दावर चालते. त्या मुलाचे हजार रुपये गेले ते हंगामात भरून निघतीलही. पण दुकानदाराने त्याच्या आईला उधार द्यायचं थांबवलं, ते अजून सुरू झालेलं नाही.

दीघ निकायातच पायासि सुत्तात दोन जुगाऱ्यांची एक गोष्ट येते. त्यातला एक हरणारा फासा पडला की तो हळूच गिळून टाकायचा. दुसऱ्याच्या ते लक्षात आलं, आणि पुढच्या वेळी त्याने फासे विषात बुडवून आणले. तिथे ती वेगळ्या संदर्भात सांगितली आहे, पण मोबाईलवरच्या डावात अनोळखी नावं समोर असतात तेव्हा आम्हाला ती आठवते. त्या पाच नावांमागे पाच माणसं आहेत की एका खोलीत बसलेले तिघं एकमेकांना पानं सांगत आहेत, हे कळायला मार्ग नाही. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी निदान फासा गिळणारा समोर दिसत तरी होता.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल पाड्यावर आणि शहरातही बराच गोंधळ आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ मानलं, मात्र तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा, असा फरकही त्याच निकालात केला. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगारातच धरलं. मोबाईलवरच्या कंपन्या बरीच वर्षं 'कौशल्य' या एका शब्दावर तगल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, मनाई केली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. तेव्हा फसलेल्या मुलाने पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नये. शेजारच्या गोव्याने मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या केल्या, पण २०२० मध्ये स्वतःच्याच नागरिकांना तिथे खेळायला बंदी केली. सरकारलाही गणित कळतं, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे जुगारात जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. जुन्या मुंबई प्रांतात १८६५ चा आणखी एक कायदा आहे, त्यामुळे जाणूनबुजून जुगारासाठी दिलेलं कर्जही वसूल करता येत नाही. डावाच्या जागी चिठ्ठीवर अंगठा घेऊन कुणी शेत किंवा पुढच्या हंगामाची मजुरी मागत असेल, तर त्या चिठ्ठीला कायद्यात आधार नाही. आणि उचलीच्या बदल्यात कुणी माणसाला भट्टीवर अडकवून ठेवत असेल, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. तक्रार तहसीलदार किंवा प्रांताकडे करायची.

सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक घरखर्चाला, दोन कामधंद्यात, एक अडचणीसाठी बाजूला. उचलीचे चार भाग कसे करायचे, हा खरा प्रश्न आहे, कारण उचल ही कमाई नाहीच, ती अजून न केलेल्या कामाचं कर्ज आहे. ती डावात लावणारा माणूस स्वतःचे पैसे लावत नसतो. पुढचे सहा महिने भल्या पहाटे उठून बायकोने आणि लेकरांनी थापायच्या विटा तो लावत असतो. त्या रात्री आम्ही वहीत तेही मांडलं. घालवलेली रक्कम भागिले हजार विटांची मजुरी. उत्तर किती हजार विटा आलं ते इथे लिहीत नाही, त्याच्या आईने तेवढं लिहू नका म्हणून सांगितलं.

ज्यांना उठावंसं वाटतं पण उठता येत नाही, त्यांच्यासाठी शेवटची माहिती. जुगाराचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे, दारूइतकाच. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लवकरात लवकर कळवावं, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

तो मुलगा ठरल्याप्रमाणे भट्टीवर गेला. जाताना त्याने आमच्याकडून वहीतलं ते पान फाडून मागून घेतलं, त्यावर २२,१०० चा हिशेब होता. भट्टीवर रविवारी डाव बसतो, तिथल्यांना दाखवतो म्हणाला. दाखवून तो स्वतः खेळतो की नाही हे आम्ही विचारलेलं नाही. पाऊस सुरू झाला की येईल, तेव्हा कळेल.